सगळ्या गोळ्या एका खेपेत

बुद्धिबळात मी बायकोला हरवू लागलो, त्याच दिवशी कोणीतरी तिला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. पण घरात आम्ही दोघंच, आणि त्यातला एक जण जिंकत होता. जिंकणाऱ्या माणसाला कारणं शोधत बसायची हौस नसते.

आमच्याकडे रोज संध्याकाळी चहाचे कप विसळून झाले की जेवणाच्या टेबलावर पट मांडला जातो. हा खेळ मला लग्नानंतर बायकोनेच शिकवला. तिला तो तिच्या वडिलांनी शिकवला होता, आणि त्या घरात दयामाया शिकवायची पद्धत नसावी. सुरुवातीची काही वर्षं मी नुसताच हरलो. मग तिलाच कंटाळा आला आणि डाव सुरू होण्याआधी ती स्वतःचा एक हत्ती उचलून साखरेच्या डब्याशेजारी ठेवू लागली. एक हत्ती कमी घेऊनही ती जिंकायचीच. खेळता खेळता भाजी निवडायची, शाळेच्या वह्या तपासायची, मध्येच उठून गॅस बारीक करून यायची आणि बसायच्याही आधी माझ्या राजाला शह द्यायची. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे एका वेळी चार गोष्टी डोक्यात ठेवणं तिला जड जात नाही. साखरेच्या डब्याशेजारचा तो हत्ती आमच्या घरातली कायमची वस्तू झाला होता. पाहुणे त्याबद्दल विचारायचे आणि मी त्यांना आणखी चहा आणायला उठायचो.

आता माझ्या नोकरीविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच घरात आला. मी एका मालवाहतूक कंपनीत गाड्या लावतो. कोणता माल कोणत्या ट्रकमध्ये, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या आधी उतरवायचा, हे मी ठरवतो. नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी शिकवतो. पहिली म्हणजे अर्धी रिकामी गाडी सोडायची नाही. दुसरी म्हणजे साबण आणि चहापत्ती एका गाडीत घालायची नाही, कारण चहा वास धरतो. खोकी शाबूत पोचतात, सह्या होतात, सगळं रीतसर दिसतं, आणि तरी तो चहा कोणाच्या उपयोगाचा राहत नाही. एका गोदाम कारकुनाने एकदा ही चूक केली होती. त्याला मी सगळ्यांसमोर असं काही सुनावलं, की तो म्हणे घरीसुद्धा मोरीतला साबण स्वयंपाकघराच्या दिशेने ठेवत नाही. या प्रसंगाचा मला पुष्कळ दिवस अभिमान होता. तो अभिमान होता, असंच आता म्हणावं लागेल.

प्रकरणाची सुरुवात मेव्हण्याने केली. बायकोचा हा धाकटा भाऊ व्यायामशाळेत जातो, आणि जे लोक जात नाहीत त्यांच्याकडे तो जरा दुःखाने बघतो. एका रविवारी तो हातात पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आला. आत बरण्याच बरण्या. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, झिंक. "भावोजी, या वयात शरीरातली खनिजं संपत येतात," तो म्हणाला, आणि माझ्या पोटाकडे असं पाहिलं, जणू तिथे खाण होती आणि ती मी निष्काळजीपणे संपवली होती. कॅल्शियम हाडांना, लोह रक्ताला, मॅग्नेशियम स्नायूंना आणि झिंक मेंदूला, अशी त्याने वाटणी करून दिली. बायकोचे गुडघे थोडे दुखत होतेच. मेंदूबद्दल कोणी काही बोललं नाही, पण झिंकची बरणी माझ्यासमोर ठेवली गेली.

बायकोचं म्हणणं होतं की आधी डॉक्टरांना विचारू. मी म्हटलं, विचारायचंय काय? ही औषधं थोडीच आहेत? खनिजं जमिनीत असतात, पाण्यात असतात. पाण्याचा ग्लास भरताना आपण कधी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवतो का? खालच्या मजल्यावरच्या ऑडिटरनाही मी मुद्दाम विचारलं. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले आहेत. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्तीनंतर तीच सेवा ते इमारतीला फुकट देतात. त्यांनी बरण्या हातात घेतल्या, झाकणं उघडली, वास घेतला आणि हरकत नाही असा शेरा दिला. त्यांचा औषधांशी संबंध काय, हा प्रश्न त्या वेळी कोणालाही पडला नाही. समोरच्या वहिनी म्हणाल्या की त्यांच्या नणंदेने खनिजं घेतली आणि तिचे केस परत आले. नणंदेला मी पाहिलेलं नाही.

खरी भानगड गोळ्या घेण्याच्या वेळेची होती. बायकोला थायरॉइडचा त्रास आहे. त्याची एक इवलीशी गोळी ती कित्येक वर्षं पहाटे उठून रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घेत होती, आणि मग चहासाठी बराच वेळ ताटकळत बसायची. मला हे पूर्वीही खटकायचं, पण तो तिचा प्रांत म्हणून मी बोललो नव्हतो. आता बरण्या आल्यावर मी एकूण वाहतुकीचा आढावा घेतला. पहाटे एका गोळीसाठी एक स्वतंत्र खेप. न्याहारीनंतर माझ्या रक्तदाबाच्या गोळीची दुसरी. त्यात आता खनिजांच्या नव्या खेपा. प्रत्येक वेळी ग्लास, प्रत्येक वेळी पाणी, प्रत्येक वेळी चष्मा शोधणं. कंपनीत असा कारभार कोणी केला असता तर मी त्याला दुसऱ्या दिवशी दारात उभं केलं नसतं.

म्हणून मी दुकानातून खणाखणांची एक प्लॅस्टिकची डबी आणली आणि ठरवून टाकलं, की सगळ्या गोळ्या न्याहारीनंतर एकाच खेपेत जातील. वर पेलाभर दूध, म्हणजे दुधाचीही वेगळी खेप नको. बायको म्हणाली, "अहो, ती गोळी रिकाम्या पोटीच घ्यायची असते." मी तिला समजावलं की पोट हे एक गोदाम आहे, माल दारातून आत गेला की आपलं काम झालं, पुढे कोणता कुठे ठेवायचा ते आतली माणसं बघतात. हे समजावणं संध्याकाळभर चाललं. ती पटलं म्हणाली नाही, पण उठून दिवा मालवायला गेली, आणि मी ती मंजुरी धरली. दुसऱ्या दिवसापासून सकाळची गाडी गच्च भरून सुटू लागली.

काही आठवडे गेले आणि एका संध्याकाळी बायकोने वजीर उघड्यावर ठेवला.

मी बराच वेळ त्याला हात लावला नाही. बायकोचा वजीर उघड्यावर दिसतो तेव्हा तो सापळा असतो, हे मी आजवरच्या अपमानांतून शिकलो होतो. मी पटाला सगळीकडून पाहिलं, खुर्ची मागे घेऊन पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. शेवटी डोळे मिटून वजीर घेतला. ती "अरे हो" म्हणाली आणि जांभई दिली. त्या दिवशी मी तिच्याविरुद्धचा माझा पहिला डाव जिंकलो. दुसऱ्या दिवशी परत जिंकलो. मग एक दिवस तिने काही न बोलता साखरेच्या डब्याशेजारचा हत्ती उचलून पटावर त्याच्या जागी ठेवला, आणि पूर्ण सैन्यानिशी हरली.

याचं श्रेय मी झिंकला दिलं. मेव्हण्याला फोन करून सांगितलं, तर त्याने मागे कोणाला तरी "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हटलेलं ऐकू आलं. कंपनीत मी जेवणाच्या सुट्टीत डावातले बारकावे सांगू लागलो. ऑडिटर जिन्यात भेटले की मी त्यांना उंटाच्या तिरक्या चालीचं महत्त्व समजावायचो. आता मागे वळून पाहिलं तर त्यांनी जिना चढायच्या वेळा तेव्हापासूनच बदलल्या असाव्यात.

बायको मात्र मंदावत चालली होती. उकाड्याच्या दिवसांत शाल पांघरून बसायची. शाळेतून आली की सोफ्यावर बसल्याबसल्या डोळे मिटायची. आवाज जड झाला, केस कंगव्यात येऊ लागले. दूध दोनदा उतू गेलं आणि दोन्ही वेळा ती शेजारीच उभी होती. एकदा तिने सहज सांगितलं की आज फळ्यावरची बेरीज चुकली आणि वर्गाने दुरुस्त केली. सांगताना ती हसली, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. मला ते दिसलं होतं. मी मात्र त्या वेळी पट मांडत होतो.

सल्ले भरपूर आले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, वय झालं की होतं असं. आणि बायकोपेक्षा त्या मोठ्या असल्याने हे सांगताना त्यांना फार बरं वाटलं. ऑडिटर म्हणाले, रोज हरलं की माणूस खचतो. मेव्हणा म्हणाला, ताईला खनिजं कमी पडतायत, वाढवा. मला हेच सगळ्यात शास्त्रीय वाटलं. मागणी वाढली की माल वाढवायचा. मी तिच्या खणात आणखी एक कॅल्शियम आणि आणखी एक लोह टाकलं. गाडी तीच ठेवली.

इथे माझ्या स्वतःच्या दुखण्याची कथा सुरू होते. ती सांगायला मला आवडत नाही, पण टाळताही येत नाही, कारण ती बरीच सार्वजनिक झालेली आहे. मला गळू झालं. कुठे झालं, हे सांगण्यासाठी एवढंच पुरे, की मला बसता येईना.

डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलं तेव्हा मी बायकोलाही बरोबर घेतलं. दोन रोगी, एक रिक्षा, एक खेप. पण दवाखान्यातल्या काउंटरवरच्या बाई म्हणाल्या की एका नंबरावर एकच पेशंट. मी म्हटलं, नवराबायको आहोत. त्या म्हणाल्या, तरी दोन. दुसरा नंबर हवा तर नवीन केसपेपर करावा लागेल, कारण बायकोचा जुना केसपेपर दुसऱ्या रंगाचा होता आणि तो रंग आता बंद झाला होता. नवीन केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, तर रांग संपायच्या आत खिडकी बंद होणार होती. बायको बाकावर बसून झोपली होती. तिला उठवून काही उपयोग नाही असं मी ठरवलं आणि एकटा आत गेलो.

डॉक्टरीणबाईंनी गळू पाहिलं, प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, आणखी काही घेता का? मी म्हटलं, रक्तदाबाची गोळी. आणखी? मी म्हटलं, काही नाही. हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. माझ्या मते खनिजं म्हणजे किराण्यात मोडणारी वस्तू होती, आणि डॉक्टरला कोणी किराण्याची यादी वाचून दाखवत नाही. निघता निघता मी बायकोच्या मरगळीचाही उल्लेख केला. त्या म्हणाल्या, तिची थायरॉइडची तपासणी करून घ्या, लवकर करा. प्रयोगशाळा नेमकी गावाच्या दुसऱ्या टोकाला. माझी वार्षिक तपासणी जवळ आलीच होती. तेव्हा दोघांचं रक्त एकदमच देऊ, असा मी विचार केला. एका माणसाच्या रक्तासाठी एवढ्या लांब जाणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं.

प्रतिजैविकाची गोळी अर्थातच सकाळच्या गाडीत चढली. गळू मात्र उतरेना. मी नेमाने गोळ्या घेत होतो आणि ते नेमाने ठणकत होतं. कंपनीत मी उभ्याने गाड्या लावू लागलो. नेहमीचं टेबल उभ्या माणसाला बुटकं पडतं, म्हणून मी उंच टेबल मागितलं. प्रशासन विभागाने कळवलं की उंच टेबल फक्त आराखडे काढणाऱ्यांना मिळतं. इतरांना हवं असेल तर बसता येत नाही असा वैद्यकीय दाखला जोडावा. दाखला जोडला, तर तो परत आला, कारण त्यात नेमकं कारण नव्हतं. मग कारण घालून जोडला. तो कागद चार टेबलं फिरून मंजूर झाला आणि प्रत्येक टेबलावरून जाताना कोणीतरी माझ्याकडे मान वर करून पाहिलं. वर्षानुवर्षांच्या नोकरीत माझ्या कामाची इतक्या जणांनी इतक्या आस्थेने चौकशी केली नव्हती. टेबल आलं तेव्हा ते आराखड्यांचंच होतं, म्हणजे तिरकं. त्यावरून पेन घरंगळायचं. ज्या कारकुनाला मी साबणावरून झापलं होतं तो मोठ्या अदबीने ते उचलून द्यायचा.

अशा अवस्थेत वाचनालयाची बुद्धिबळाची स्पर्धा आली. या स्पर्धेचा चषक कित्येक वर्षं आमच्या फडताळात आहे. बायको तो दर वर्षी नेऊन परत देते, आणि दर वर्षी जिंकून घरी आणते. यंदा ती म्हणाली, "मला नाही जमणार. डोकंच चालत नाही." मी म्हटलं, काळजी करू नकोस, चषक घरातच राहील. आणि तिच्या नावाच्या जागी माझं नाव दिलं. चषक जिंकणारीला रोज हरवणारा माणूस म्हटल्यावर अंतिम फेरीचा विचार करायचीही गरज नव्हती. मी तर विजयाचं भाषण कसं आटोपशीर ठेवावं याच्या विचारात होतो.

पहिल्याच फेरीत ऑडिटर समोर आले. या गृहस्थांना बायको नेहमी एक हत्ती देऊन हरवते, म्हणजे त्यांची आणि माझी पायरी पूर्वी एकच होती. मी उभ्यानेच खेळलो. वाचनालयातल्या सगळ्यांना मी प्रतिस्पर्ध्यावर दडपण आणण्यासाठी उभा आहे असं वाटलं, आणि मी ते वाटू दिलं. ऑडिटरनी चष्मा पुसला आणि माझा घोडा खाल्ला. मग वजीर खाल्ला. मग फारसं काही खाण्यासारखं उरलं नाही. डाव इतक्या लवकर संपला की शेजारच्या पटावर अजून प्यादीच हलत होती. त्यांनी हात मिळवला आणि हळूच विचारलं, "वहिनींची तब्येत बरी आहे ना?" त्यांनी हे तेव्हाच का विचारलं, ते मला घराच्या पायऱ्या चढेपर्यंत कळलं नाही.

बायको सोफ्यावर शाल घेऊन बसली होती. दिवा लावायचा राहिला होता.

"कोणाकडून हरलात?" तिने विचारलं. मी हरलोय हे तिने गृहीत धरलं होतं.

"ऑडिटर."

हल्ली तिला विचार करायला वेळ लागायचा. तो विचार कुठून तरी लांबून येताना दिसायचा.

"ऑडिटरना मी हत्ती देऊन हरवते," ती म्हणाली.

"हो."

"त्यांनी तुम्हाला हरवलं. म्हणजे तुम्ही काही हुशार झालेला नाहीत."

मी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या.

"आणि तरी तुम्ही मला रोज हरवता. म्हणजे मलाच काहीतरी झालंय." तिने शाल घट्ट ओढून घेतली. "मला वाटत होतं, म्हातारपण असंच येत असेल. कोणाला सांगायचं, म्हणून गप्प बसले होते. वर्गात बेरीज चुकली तेव्हा वाटलं, आता नोकरी सोडावी."

त्या क्षणी मला भीती वाटली. इतके दिवस मी तिच्यासमोर बसून, तिच्या डोळ्यांदेखत, तिचे वजीर आणि हत्ती उचलत होतो, आणि ती समोरच हळूहळू विझत चालली होती. माझ्या प्रत्येक विजयात ते लिहिलेलं होतं आणि मी त्याखाली झिंक असं वाचत होतो. मला स्वतःचा फार राग आला. मी दिवा लावला, चहा केला, आणि उद्या सकाळीच प्रयोगशाळेत जायचं असं सांगितलं. "तुमची वार्षिक तपासणी अजून आलेली नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, मरू दे ती तपासणी.

सकाळी आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला एकट्या बायकोच्या रक्तासाठी गेलो. रिक्षात मी गुडघे टेकून, सीटच्या पाठीला धरून, मागे तोंड करून बसलो होतो आणि मागच्या वाहनांतली माणसं माझ्याकडे बघत होती. प्रयोगशाळेत चिठ्ठी मागितली. डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या तोंडी, चिठ्ठी कुठली? मग दवाखाना, मग नवीन रंगाचा केसपेपर, मग चिठ्ठी, मग पुन्हा प्रयोगशाळा. तिथल्या माणसाने पेशंटचं नाव विचारलं तर मी घाईत माझंच सांगितलं, आणि तो सुई घेऊन माझ्याकडे वळला. एरवी मी वाद घातला असता. त्या दिवशी मी जे सांगतील ते करत गेलो. एका पेशंटसाठी इतक्या खेपा मी आयुष्यात केल्या नव्हत्या.

रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. म्हणजे बायको बसली. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि भुवया वर गेल्या. "गोळी बंद केली होती का?"

"छे," मी म्हटलं. "मी स्वतः देतो. एक दिवस चुकलेली नाही."

त्यांनी माझ्याकडे न बघता बायकोला विचारलं, "कशी घेता?"

"सकाळच्या गाडीने," बायको म्हणाली.

त्यांना कळेना. मी पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. तिचा मला अजूनही थोडा अभिमान होता. डबी स्वच्छ होती आणि खण सारखे भरलेले होते. त्यांनी एक खण कागदावर उपडा केला. गोळ्या घरंगळत पसरल्या. त्यांनी पेनाच्या टोकाने त्या वेगळ्या केल्या: हे कॅल्शियम, हेही कॅल्शियम, हे लोह, हेही लोह, हे मॅग्नेशियम. सगळ्यात शेवटी त्या ढिगाखालून थायरॉइडची इवलीशी गोळी निघाली.

"दुसरं काही घेता का, असं मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"पण ही औषधं नाहीत ना. खनिजं आहेत."

"पोटाला तो फरक कळत नाही." त्या चिडल्या नव्हत्या; चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी समजावून सांगितलं. कॅल्शियम आणि लोह पोटात या गोळीला धरून ठेवतात, रक्तात जाऊच देत नाहीत. दूधही तेच करतं. गोळी रोज पोटात जात होती, पण त्यातली फारच थोडी अंगी लागत होती. इतके आठवडे बायको जवळजवळ औषधाशिवायच राहिली होती. मग त्यांनी माझ्या खणातल्या गोळ्याही पसरल्या, त्यातली प्रतिजैविकाची ओळखली, आणि माझ्या उभं राहण्याकडे पाहिलं. "तुमचंही तेच. म्हणून बसत नाही आहात."

बायकोचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोपली. पण ती डोळे न उघडताच म्हणाली, "साबण आणि चहा."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला ते त्यांना समजावून सांगावं लागलं. खोकी शाबूत पोचतात, सह्या होतात, सगळं रीतसर दिसतं. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर. मग तुम्हाला तर हे आधीपासूनच माहीत होतं."

त्यांनी गोळी वाढवली नाही. आधी आहे ती नीट पोचू दे, म्हणाल्या. पूर्वीसारखी पहाटे, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा बऱ्याच वेळाने. कॅल्शियमची गरज आहे का ते तपासून ठरवू, आणि द्यायचं झालं तर दुपारच्या जेवणानंतर, थायरॉइडच्या गोळीपासून निदान चार तास दूर. लोह रक्त पाहिल्याशिवाय अजिबात नाही. मला नव्याने प्रतिजैविक, आणि ते संपेपर्यंत बरण्यांना हात लावायचा नाही. यापुढे बरणी कोणीही दिली, सख्ख्या भावाने दिली तरी, आधी इथे आणून दाखवायची. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू, तोवर धीर धरा.

गळू लवकरच बरं झालं. तिरकं टेबल मात्र परत घेतलं जाईना, कारण ते परत करण्यासाठी आता बसता येतं असा दाखला लागत होता. मेव्हण्याला फोन केला तर तो म्हणाला, "भावोजी, मी एकदम घ्या असं कुठे म्हटलं होतं?" आणि हे खरंच होतं, त्यामुळे मला आणखीनच राग आला. बरण्या मी ऑडिटरना दिल्या नाहीत, हे माझ्या हातून त्या काळात घडलेलं एकमेव सत्कृत्य.

धीर धरणं मात्र फार जड गेलं. आम्ही रोज पट मांडत होतो आणि मी रोज जिंकत होतो. आता एकही विजय मला नको होता. एकदा मी मुद्दाम घोडा मोकळा सोडला. तिने तो घेतला नाही. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "असं करू नका. मी कुठवर आले, ते मला यातूनच कळतं." त्यानंतर मी मनापासून खेळलो आणि मनापासून जिंकलो. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात वाईट दिवस होते.

पहाटे आता मी उठतो. ग्लासात पाणी घेतो, तळहातावर ती एक गोळी ठेवतो आणि पलंगापाशी जातो. एवढ्याशा मालासाठी अख्खी गाडी. बायको डोळे अर्धवट उघडून गोळी घेते आणि पुन्हा झोपते, आणि मी स्वयंपाकघरात खुर्चीवर, बसून, चहाची वेळ व्हायची वाट बघतो.

मग एका संध्याकाळी तिने शाल न घेता पट मांडला. खेळता खेळता वह्यांचा गठ्ठा ओढून घेतला. मी चाल खेळलो, तिने वहीत लाल रेघ मारली आणि वर न बघताच उंट सरकवला. मी बराच वेळ पट पाहिला. सगळीकडून पाहिला, खुर्ची मागे घेऊन पाहिला, चष्मा काढून पाहिला. तोवर ती उठून गॅस बारीक करायला गेली होती.

"संपलं आहे हो ते," ती आतून म्हणाली. "तुम्ही उगाच शोधताय."

मी माझा राजा आडवा ठेवला. डोळे भरून आले होते, म्हणून चष्मा परत लावायला वेळ लागला. तोवर ती येऊन बसली आणि दुसऱ्या डावासाठी सोंगट्या भराभर मांडल्या. मग तिने स्वतःचा एक हत्ती उचलला आणि साखरेच्या डब्याशेजारी ठेवून दिला.